‘क्लाइड’ जहाजावरील पक्षिसंशोधन (इ. स. १८७५)

गेल्या वैशाखांत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील, कयाधूच्या कांठच्या एका खेड्यांतील. शाळेंत असतां ती माझ्याकडे संस्कृत शिके. पुढें ती प्राणिशास्त्राकडे वळली व समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करूं लागली. एका सरकारी सर्वेक्षण-जहाजावर महिनाभर जाण्याची तिची तयारी चालू होती. दुर्बीण, कोऱ्या वह्या, पावसाळी अंगरखा, मळमळीवरच्या गोळ्या, अशी सामानाची यादी तिनें मला दाखविली, आणि मग विचारलें, “गुरुजी, हें सगळें झालें. पण ह्याच कामासाठीं माझ्याआधीं आपल्या समुद्रांत जहाजावरून कोण गेलें होतें? त्यांनीं काय बरोबर नेलें आणि काय परत आणलें?”

प्रश्न पक्षिशास्त्राचा दिसतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. पूर्वी कोण गेला, कोणत्या सालीं गेला, त्यानें लिहिलें काय, लिहिलेलें उरलें किती, हे प्रश्न जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांस नित्याचे आहेत. म्हणून तिला तोंडीं दिलेलें उत्तर थोडें विस्तारून ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

हिंगोलीचा व समुद्राचा संबंध काय, अशी शंका प्रथम येईल. आमच्या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. परंतु पूर्णा, पैनगंगा व कयाधू ह्या नद्यांचें पाणी अखेर गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जातें, आणि ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची आम्ही ज्येष्ठांत वाट पाहतों तो पश्चिमसमुद्रावरून येतो. ह्याहून जवळचा संबंध एका पक्ष्याचा आहे. राखी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोंच व दुभंगलेली लांब शेपटी असा हा पक्षी गोदावरीच्या खोऱ्यांत, नदीवर व मोठ्या जलाशयांवर दिसतो. तो पाण्यावरून संथपणें उडतो आणि मासा दिसतांच खालीं झेपावतो. मराठींत ह्यास सुरय म्हणतात. नदीवरच्या वाळूंत अंडीं घालणारा हा सुरय आणि भर समुद्रांतील ओसाड खडकांवर विणारे सुरय हे एकाच कुळांतले. तेव्हां समुद्रपक्ष्यांचा एक भाऊबंद आमच्या नद्यांवरही आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

संस्कृत वाङ्मयास ह्या पक्ष्याचा आवाज फार जुन्या काळापासून ठाऊक असावा. ‘रघुवंशा’च्या चौदाव्या सर्गांत लक्ष्मण दृष्टीआड झाल्यावर सीतेनें जो आक्रोश केला त्यास कालिदासानें भ्यालेल्या कुररीची उपमा दिली आहे. ‘भागवता’च्या दशम स्कंधांत कृष्णपत्नी रात्रीं जागणाऱ्या कुररीस उद्देशून बोलतात. आतां ही कुररी कोण? ‘अमरकोशां’त कुरर व उत्क्रोश हे शब्द समानार्थक दिले आहेत, आणि कुरर म्हणजे मासे धरणारा ससाण्यासारखा पक्षी असा अर्थ बहुधा घेतात. व्याकरणदृष्ट्या कुररी ही त्याची मादी होते. परंतु के. एन्. दवे ह्यांनीं संस्कृत वाङ्मयांतील पक्ष्यांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला (प्रकाशन १९८५), त्यांत कुररी हा सुरय असल्याचें प्रतिपादिलें आहे. नदीकांठीं ह्या पक्ष्याचें कर्कश ओरडणें ज्यानें ऐकलें आहे, त्यास हें मत पटण्यासारखें आहे.

परंतु संशोधनाच्या दृष्टीनें येथें एक मोठी उणीव राहते. कवीनें आवाज टिपला; स्थळ, काळ व संख्या टिपली नाहीं. तें त्याचें कामही नव्हतें. कालिदासाच्या काळीं कोणत्या नदीवर किती कुररी होत्या, हें आज कोणत्याही उपायानें कळावयाचें नाहीं. उपमा अमर झाली, पण दाखला मिळाला नाहीं. दिनांकित दाखल्यास प्रारंभ होतो तो एकोणिसाव्या शतकांत, आणि त्याचा एक धागा मराठवाड्यांतूनच जातो.

त्या काळीं हैदराबाद संस्थानांत जागोजाग लष्करी छावण्या होत्या. आमच्या हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली, तरी पलटण, रिसाला, तोफखाना हीं पेठांचीं नांवें गांवांत अद्याप चालूं आहेत. पश्चिमेस जालन्याच्या छावणींत मद्रासच्या फौजेचें घोडदळ असे. त्या घोडदळाबरोबर थॉमस जेर्डन नांवाचा एक वैद्य जालन्यास कांहीं काळ राहिला. १८३६ सालीं तो हिंदुस्थानांत आला, आणि १८३९ पासून मद्रासच्या एका नियतकालिकांत दक्षिण हिंदुस्थानच्या पक्ष्यांची यादी क्रमशः छापूं लागला. त्याच यादींत १८४० सालीं त्यानें एका लहान काळसर पाकोळीस शास्त्रीय नांव दिलें. हिचा नमुना निलगिरीच्या कुन्नूर घाटांतला; परंतु हीच पाकोळी पश्चिम किनाऱ्यालगतच्या खडकाळ बेटांच्या गुहांत आपल्या लाळेचें घरटें बांधते. हें घरटें चीन देशांत सार करून खातात व त्यास मोठी किंमत येते. ह्या पाकोळीची गांठ पुढें पुन्हा पडणार आहे.

आतां मुख्य विषय. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हें नांव मराठी वाचकांस ठाऊक आहे तें काँग्रेसच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून. पहिलें अधिवेशन पुण्यास भरावयाचें होतें. तेथें पटकीची सांथ आल्यामुळें तें २८ डिसेंबर १८८५ रोजीं मुंबईस, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें. परंतु त्यापूर्वीं कित्येक वर्षें हिंदुस्थानांतील पक्ष्यांविषयीं सर्वांत अधिक माहिती ज्यांच्याजवळ होती, ते हेच ह्यूम. १८७१ पासून १८७९ पर्यंत ते महसूल, शेती व व्यापार ह्या खात्याचे सेक्रेटरी होते. १८७५ सालच्या आरंभीच्या महिन्यांत ते मरीन सर्वेच्या ‘क्लाइड’ नांवाच्या सरकारी आगबोटीवरून पश्चिम किनारा व लखदिवे बेटें पाहावयास गेले. समुद्रपक्ष्यांचा अभ्यासक सर्वेक्षण-जहाजावर गेल्याचें आपल्या समुद्रांतलें हें एक ठळक जुनें उदाहरण होय.

ह्या सफरीची तयारी सामानाच्या यादीपासून झाली नव्हती. ती चार वर्षें आधीं सुरू झाली होती. १८७१-७२ च्या हिंवाळ्यांत ह्यूम सिंध, मकरान व इराणच्या आखाताकडे गेले होते. लाटांना पंख घासून उडणाऱ्या एका समुद्रपक्ष्यास त्यांनीं १८७२ सालीं नांव दिलें. तो आज पर्शियन शीअरवॉटर म्हणून ओळखला जातो. मार्च १८७३ मध्यें ते अंदमान, निकोबार व बंगालच्या उपसागरांतील इतर बेटें पाहावयास गेले. बरोबर भूगर्भशास्त्रज्ञ स्टॉलिक्झा, त्याच खात्यांतले डूगल व कलकत्त्याच्या संग्रहालयांतले वुड-मेसन होते. पुढल्याच वर्षीं, जून १८७४ मध्यें, यारकंदच्या मोहिमेवरून परततांना स्टॉलिक्झा लडाखांत मरण पावले. ज्ञानार्थ केलेले प्रवास त्या काळीं किती जिवावरचे होते, हें ह्यावरून दिसतें.

तयारीचा दुसरा भाग छापखान्याचा. १८७२ पासून ह्यूम ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘विखुरलेलीं पिसें’, ह्या नांवाचें पक्षिविषयक नियतकालिक स्वतः चालवीत. देशभरांतले कलेक्टर, लष्करी अधिकारी, इंजिनीअर व वैद्य त्यांस आपापल्या भागांतील नोंदी पाठवीत. आणि १८७४ सालीं, म्हणजे ‘क्लाइड’वर चढण्याच्या आदल्याच वर्षीं, त्यांनीं नमुने गोळा करणारांसाठीं एक हातपुस्तक प्रसिद्ध केलें. पक्षी, अंडीं, घरटीं, पिसें व सांगाडे कसे जमवावे, कसे टिकवावे, कसे बांधून पाठवावे, हा त्याचा विषय. सारांश, जहाज मिळण्यापूर्वीं पद्धत ठरली होती, व आणलेली माहिती छापण्याची जागाही तयार होती. माझ्या विद्यार्थिनीस मीं पहिली गोष्ट सांगितली ती हीच.

जहाजाकडील बाजूही पाहिली पाहिजे. हिंदुस्थान सरकारनें १८७४ सालीं कलकत्त्यास मरीन सर्वेचें खातें स्थापिलें व डंडस टेलर ह्या आरमारी अधिकाऱ्यास त्याचा प्रमुख नेमलें. ह्याच सुमारास इंग्लंडचें ‘चॅलेंजर’ जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून महासागरांचा शोध घेत होतें (१८७२-७६); परंतु तें दक्षिणेकडून ऑस्ट्रेलियास गेलें, अरबी समुद्रांत आलेंच नाहीं. आपल्या समुद्राचा तळ वावांनीं मोजणें हें मरीन सर्वेचेंच काम होतें. दोरीच्या टोंकास शिसें बांधून सोडावयाचें, शिशाच्या बुडाशीं चरबी लावून तळाची वाळू वर आणावयाची, आणि किती वाव दोरी गेली तें वहींत मांडावयाचें, अशी जुनी रीत.

‘क्लाइड’वरील ह्यूम ह्यांच्या सफरीचें सरकारी कारण होतें दीपगृहांसाठीं योग्य जागा पाहणें. त्याबरोबर समुद्राची खोली मोजून लखदिवे बेटें मुख्य भूमीपासून खोल दरीनें तुटलेलीं आहेत कीं काय, हेंही त्यांस पाहावयाचें होतें. पक्ष्यांचें काम ह्या दोहोंच्या पोटांत बसविलें होतें. दीपगृहासाठीं जो ओसाड खडक पाहावयाचा तोच सुरयांचा विणीचा खडक असतो, म्हणून हें साधलें. तरी पक्षिसंशोधक ह्या जहाजावर यजमान नव्हता, पाहुणा होता, हें विसरतां कामा नये. इतक्या वरच्या हुद्द्याचा सेक्रेटरी असूनही पक्ष्यांसाठीं स्वतंत्र जहाज त्यास मिळण्यासारखें नव्हतें.

ह्या सफरीचें फळ म्हणजे ‘स्ट्रे फेदर्स’च्या चवथ्या खंडांत १८७६ सालीं छापलेला सुमारें ७० पानांचा लेख. त्यांत लखदिव्यांबरोबर आपल्या कोंकणालगतच्या वेंगुर्ल्याच्या खडकांचीही हकीकत आहे. त्याच खंडांत लांब शेपटीच्या व तांबड्या चोंचीच्या एका समुद्रपक्ष्याच्या हिंदी प्रकारास त्यांनीं ‘इंडिकस’ हें नांव दिलें, आणि १८७७ सालीं एका लहान सुरयास साँडर्स ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाचें नांव दिलें. हीं तिन्ही नांवें शास्त्रांत आजही चालूं आहेत.

परंतु पाहुणेपणाच्या मर्यादा ह्या कामास होत्याच. पहिली मर्यादा ऋतूची. शिडाचें असो वा वाफेचें, किनाऱ्यालगत सर्वेक्षण करणारें जहाज उघडिपीच्या दिवसांत निघतें. पश्चिम किनाऱ्यावरील खडकांवर सुरयांची वीण मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन पावसाळ्यापर्यंत चालते. म्हणजे जहाज जातें तेव्हां पक्षी विणत नाहींत, आणि पक्षी विणतात तेव्हां जहाज बंदरांत असतें. दुसरी मर्यादा वेळेची. जहाज थांबेल तितकेंच पाहावयाचें. तिसरी मर्यादा आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस अधिक टोंचणारी आहे. खडकावर होडी लावणारा तांडेल, गुहेची वाट ठाऊक असलेला घरटीं काढणारा, पक्षी सोलून भुसा भरणारा नोकर, ह्यांच्यावांचून असें काम होत नसे. अशा माणसांचीं नांवें त्या काळच्या लेखांत क्वचित् सांपडतात. वेंगुर्ला-मालवणच्या दर्यावर्दी लोकांस कोणता पक्षी कोणत्या महिन्यांत कोठें बसतो हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. तें ज्ञान कागदावर आलें तें दुसऱ्याच्या नांवावर, किंवा आलेंच नाहीं.

पुढें जें झालें तें कोणाही संशोधकाच्या काळजास चरका लावील असें आहे. १८७९ सालीं ह्यूम ह्यांस सेक्रेटरीच्या जागेवरून दूर करण्यांत आलें. १८८२ सालीं ते नोकरी सोडून मोकळे झाले. आयुष्यभराच्या नोंदींवरून हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा एक मोठा ग्रंथ लिहावयाचा, हा त्यांचा संकल्प होता. १८८३ च्या सुमारास ते एका प्रवासाहून सिमल्यास परतले, तेव्हां वर्षानुवर्षें जपलेल्या हस्तलिखितांपैकीं पुष्कळ पानें एका नोकरानें रद्दी म्हणून विकून टाकल्याचें त्यांस आढळलें. मग त्यांचें मन ह्या विषयांतून उठलें. १८८५ सालीं त्यांनीं आपला सर्व संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. त्यांत सुमारें ८२,००० नमुने होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईचें अधिवेशन भरलें, आणि त्यांचें उर्वरित आयुष्य दुसऱ्या कार्यांत गेलें. १९१२ सालीं ते इंग्लंडांत वारले.

वाण्याच्या पुड्यांत गेलेल्या मराठी दप्तरांबद्दल आपण आजवर पुष्कळ हळहळलों. ह्या बाबतींत पक्ष्यांचा इतिहास व राज्यांचा इतिहास ह्यांचें दुर्दैव सारखेंच आहे. पण ह्यांतून एक धडाही निघतो. ह्यूम ह्यांचा संकल्पित महाग्रंथ गेला, तरी ‘क्लाइड’ची हकीकत राहिली, कारण ती १८७६ सालींच छापली गेली होती. जें छापलें तें उरलें; जें मोठ्या ग्रंथासाठीं म्हणून राखून ठेवलें तें गेलें.

‘क्लाइड’नंतर सर्वेक्षण-जहाजांची परंपरा खंडली नाहीं. मुंबईच्या गोदींत बांधलेलें ‘इन्व्हेस्टिगेटर’ १८८१ सालीं पाण्यांत उतरलें, व त्यावर एक वैद्य-निसर्गशास्त्रज्ञ नेमण्याची रीत पडली. त्यांपैकीं आल्कॉक ह्यांचें १९०२ सालचें प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे. परंतु ह्या वैद्यांचें लक्ष मुख्यतः खोल तळांतील मासे, खेंकडे व पोंवळीं ह्यांकडे होतें. जाळें खालीं सोडलें जाई. वर आकाशाकडे पाहण्यास वेळ कोणास? १९३३-३४ सालीं सेमूर स्यूएल ह्यांच्या नेतृत्वाखालीं ‘मबाहिस’ हें ईजिप्तचें जहाज अरबी समुद्रांत फिरलें. १९६० च्या आगेमागें अनेक राष्ट्रांनीं मिळून हिंदी महासागराची पाहणी केली, आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावला येथें आहे. १९७६ मध्यें ‘गवेषणी’, १९८३ मध्यें ‘सागरकन्या’ व १९८४ मध्यें ‘सागरसंपदा’ हीं संशोधन-जहाजें आलीं. ह्या सर्वांचें मुख्य प्रयोजन पाणी, तळ व मासे हें होतें. पक्षिनिरीक्षक तेथें गेला तरी ह्यूम ह्यांच्याप्रमाणें पाहुणा म्हणूनच.

आतां वेंगुर्ल्याकडे वळूं. १८७५ नंतर साठांहून अधिक वर्षांनीं मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायुन अब्दुलअली ह्या खडकांवर गेले. त्यांच्या १९३८ व १९४१ सालच्या भेटींचीं टिपणें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापलेलीं आहेत, व तीं सुरय आणि पाकोळी ह्या दोहोंविषयीं आहेत. पुनः साठ वर्षांचा खंड पडला. २००१ सालीं पाकोळ्यांचीं घरटीं चोरणाऱ्या लोकांस वनखात्यानें तेथें पकडलें, आणि त्यानंतर पुण्याचे सतीश पांडे, अनिल महाबळ व त्यांचे सहकारी ह्यांनीं तेथील वसतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८४० मध्यें जेर्डननें नांव दिलेली ती हीच पाकोळी.

ही पाकोळी पूर्वीपेक्षां किती घटली, हें ठरवावयाचें तर तुलना कशाशीं करावयाची? १८७५, १९३८, १९४१ आणि २००१ नंतरचें लेखन, एवढेच टप्पे हातीं आहेत. मधल्या वर्षांचें काय? एका राज्याच्या दीडशें वर्षांच्या इतिहासासाठीं चारपांचच पत्रें सांपडावीं, तशी ही स्थिति आहे. आणि ह्या पत्रांवर आज काव्य नव्हे, न्याय अवलंबून आहे. खडकांस संरक्षण द्यावें कीं नाहीं, घरट्यांच्या चोरीनें किती हानि झाली, हे प्रश्न त्या जुन्या आंकड्यांखेरीज सुटत नाहींत.

म्हणून तिच्या प्रश्नाचें उत्तर मीं असें दिलें. ह्यूम ह्यांनीं बरोबर बंदूक नेली. ती तुला नेतां येणार नाहीं, व तिची गरजही नाहीं. त्यांनीं परत आणलीं तीं कातडीं. तूं आणशील ती गणना. ह्यावर तिनें आपली रीत मला समजावून सांगितली. टास्कर व त्यांचे तीन सहकारी ह्यांनीं १९८४ सालीं मांडलेल्या पद्धतीनुसार चालत्या जहाजाच्या एका बाजूस ३०० मीटरांचा पट्टा धरावयाचा, ठराविक मिनिटांचे भाग पाडावयाचे, आणि त्या पट्ट्यांत दिसलेला प्रत्येक पक्षी वेळ व स्थळ ह्यांसह मांडावयाचा. उडत्या पक्ष्यांची गणना क्षणचित्राप्रमाणें ठराविक क्षणींच घ्यावयाची, नाहींतर तोच पक्षी दोनदां मोजला जातो. मीं विचारलें, “आणि त्या वेळांत एकही पक्षी दिसला नाहीं तर?” ती म्हणाली, “तर शून्य लिहायचं, गुरुजी. जागा रिकामी ठेवायची नाही.”

मला हें उत्तर फार आवडलें. जुन्या कागदांतील मौनाचा अर्थ लावतांना आम्हीं जन्म घालविला. दप्तरांत एखादी गोष्ट नाहीं, म्हणजे ती घडली नाहीं, कीं घडूनही कोणी लिहिली नाहीं? रिकामी जागा दोन्ही अर्थ देते; शून्य एकच अर्थ देतें. ‘तेथें पाहणारा होता, त्यानें पाहिलें, व पक्षी नव्हता’ ही साक्ष आहे. पुढील शतकांत कोणी सुरयांचा इतिहास लिहूं लागेल, तर त्यास हें शून्य एखाद्या ताम्रपटाइतकें उपयोगी पडेल. तिच्या यादींत मीं दोनच गोष्टी जोडल्या : तांडेल, खलाशी व आचारी ह्यांच्यापैकीं जो जो पक्षी दाखवील त्याचें नांव त्याच्या अनुमतीनें वहींत लिहावें, आणि परतल्यावर मोठ्या ग्रंथाची वाट न पाहतां नोंदी लौकर छापाव्या.

शेवटीं वाचकांस एक विनंती. घरट्यांच्या मक्त्याचे कागद, दीपगृहावरील जुन्या रोजनिशा, गलबतवाल्यांच्या वह्या, असें कांहीं वेंगुर्लें, मालवण, सावंतवाडी इकडे कोणाच्या घरीं असेल, तर त्यांतील पक्ष्यांचा एखादा उल्लेखही क्षुल्लक समजूं नये. त्याची तारखेसह नक्कल मंडळाकडे पाठवावी. १८७५ व १९३८ ह्यांच्यामधील रिकाम्या जागेंत त्यानें एखादा तरी दाखला पडेल. मंडळाकडे आलेली नक्कल मी वाचीन व त्या मुलीच्या हातीं पोंचवीन.